बोलाले न, छापाले ण

प्रेसच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे. तिच्यासाठी 'त्या गाजलेल्या जाहिरातीची जन्मकथा' मी लिहून द्यावी, असं पत्र मालकांच्या मुलानं पाठवलं. पत्र आदबीनं लिहिलेलं आहे, मला 'काका' म्हटलं आहे. सोबत त्या गुलाबी हँडबिलाची झेरॉक्स आहे आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानावर जाणारं त्याचं स्वतःचं निवेदन आहे. त्या निवेदनात एक वाक्य असं : 'माझ्या वडिलांनी त्या गायिकेचं नाव जाहिरातीतून काढलं, ही आमच्या प्रेसकडून झालेली चूक मी आज जाहीरपणे मान्य करतो.'

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

जन्मकथा देतो. पण गोड मागितली होती तशी देणार नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षर बदलायचं नाही. छापायचं तर असंच छापा, नाहीतर टोपलीत टाका. मी आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं इकडची तिकडं केली. माझ्या अक्षरांना कुणी चिमटा लावलेला मला चालणार नाही.

आणखी एक. यात कुणाचंच नाव येणार नाही. ते का, हे वाचत गेलात की कळेल.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-एक वर्षं झाली असतील. मी मलकापुरात, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या प्रेसमध्ये प्रुफं तपासायला लागलो होतो. गाव माझं वडनेर भोलजी. घरची शेती होती, ती काका बघत. मला ढेकळांपेक्षा अक्षरं बरी वाटली. मेलगाडी गेली की लाकडी केसमधले खिळे, म्हणजे छापायची सुटी शिशाची अक्षरं, किंचित थरथरायचे, तेवढाच काय तो कामात खंड. हळूहळू मालकांच्या ध्यानात आलं की या पोराला मजकूर लिहिताही येतो. मग बियाण्याच्या, केसाच्या तेलाच्या, तंबूतल्या सिनेमाच्या जाहिराती माझ्याकडं आल्या. खोटा विनय करत नाही, मला ते काम फार चांगलं जमायचं.

शिकवलं मात्र रेडिओवाल्या शेठनं. प्रेसपासून चार दुकानं सोडून त्याचं दुकान. रेडिओ दुरुस्त करायचा आणि गाण्याच्या रेकॉर्डी विकायचा. तो म्हणायचा, "मजकूर मंग लिव. पयले हे पाह्य का वाचनारा उभा कुठी हाय."

कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची. गाडीवाला कापसाच्या ढिगावर बसून नंबर येण्याची वाट बघत असायचा. त्याच्या हाताला काम नसायचं, डोळ्यांना काम नसायचं. अशा माणसाच्या हातात कागद दिला की तो आधी पुढून वाचतो, मग उलटून मागून वाचतो आणि मग शेजारच्या गाडीवाल्याला मोठ्यानं वाचून दाखवतो. त्याच्यासाठी गुलाबी कागद आणि मोठा टाइप. मास्तर लोकांसाठी गावातल्या साप्ताहिकात दुसऱ्या पानावर चौकट, त्यात 'संग्राह्य' हा शब्द हमखास. कॉलेजातल्या पोरांसाठी नुसतं 'नवीन! नवीन! नवीन!' रेकॉर्ड एकच, पण मजकूर तीन. आणि शेतीवाडीवाल्या घरांबद्दल शेठचं एक वाक्य होतं, ते मी पाठच करून टाकलं होतं : "गिऱ्हाइकाले गाना नाई इकाचा बे. त्याची आजी इकाची त्याले."

तर अशात ती रेकॉर्ड आली.

मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीची माणसं खेड्यापाड्यातली गाणी गोळा करत आपल्या भागात फिरून गेली होती. धामणगाव बढ्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या बाईचा आवाज त्यांनी निवडला आणि तिला मुंबईला नेऊन तिची छोटी रेकॉर्ड काढली. पस्तिशीची बाई. बौद्ध वस्तीत राहणारी, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणारी. एका बाजूला जात्यावरच्या माहेरच्या ओव्या. दुसऱ्या बाजूला बाबांच्या आणि शाळेच्या ओव्या, तिनं स्वतः जुळवलेल्या. आपल्याकडं रेकॉर्डी विकायच्या त्या शेठनं आणि जाहिरात करायची ती आमच्या प्रेसनं, म्हणजे मी.

प्रूफ बघायला ती स्वतः आली. रेकॉर्डवाल्यांनीच तिला सांगितलं होतं म्हणे, नाव बरोबर लागलं का बघून या. एसटीनं आली, लुगडं धुतलेलं, हातात पिशवी. मी तिला "बाई, बसा" म्हणालो आणि अहो-जाहो केलं. आमच्या घरात तिच्या वस्तीतल्या कुणाला असं कुणी म्हणत नसे. मला त्या वेळी माझाच फार अभिमान वाटला होता. तेही लिहून ठेवतो, कारण माणूस स्वतःला कुठं कुठं चांगला समजतो हे त्याला उशिरा कळतं.

प्रुफात सगळ्यात वर, मोठ्या टाइपात, तिचं नाव, आडनाव आणि गाव होतं. तिनं एकेका अक्षराखाली बोट सरकवत मोठ्यानं वाचलं. प्रौढांच्या वर्गात शिकली होती ती. अर्ध्यात बोट थांबलं.

"भाऊ, हे न हाय."

"हो. तुमच्या नावात आहे ना न."

"न नाही, ण हाय."

मी हसलो. म्हटलं, "बाई, आपल्याकडं ण म्हणतंच कोण? पाणी नाही, पानी. लोणी नाही, लोनी. तुम्ही स्वतःच आता 'न' म्हणालात तुमच्या नावात."

"म्या म्हनलं. म्हनाले काय लागते?" ती म्हणाली. "बोलाले न चालते, भाऊ. छापाले ण पाह्यजे. मास्तरनं मले तीन दिवस ण गिरवाले लावला. तो असा फुकट जाऊ देऊ काय?"

मोठ्या टाइपात ण मोजकेच असायचे. मी शोधून काढला, न काढून तिथं ण बसवला आणि शाई लावून पुन्हा प्रूफ काढून दिलं. ती त्या ओल्या कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली ते वाक्य या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे, म्हणून जसंच्या तसं देतो :

"रेकाड वाजवाले मशीन लागते. माह्या वस्तीत एक बी मशीन नाही. म्या मुंबईले जाऊन गायलं, हे कोनाले खरं वाटून नाही राह्यलं. कागदाले मशीन लागत नाही. हा कागद भिंतीले लावला का झालं."

म्हणजे आम्ही ज्याला जाहिरात म्हणत होतो, तीच तिच्या लोकांसाठी रेकॉर्ड होती. मला हे तेव्हाच कळलं होतं. 'कळलं नाही' असं मी म्हणू शकत नाही.

ती गेल्यावर शेठ आला, प्रूफ बघून त्यानं तोंड वाकडं केलं. आडनावावर बोट ठेवून म्हणाला, "हे वाचल्यावर कोन्ता पाटील घरात नेईन?" मालक कचरले. शेठ गेल्यावर मला म्हणाले, "अबे, नाव थोडं बारीक कर. खाली घे. राहू दे, पन बारीक राहू दे."

बस. एवढंच म्हणाले. 'बारीक कर.'

काढून मी टाकलं.

बारीक करायचं म्हणजे फर्मा, जुळवलेल्या टाइपाची आवळलेली चौकट, सैल करा, ओळ मोडा, दुसऱ्या टाइपात जुळवा, खाली जागा करा. ती कटकट होती, हे खरं. पण कटकटीसाठी मी ते केलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं वडनेरचा काकांचा ओसरीवरचा तक्क्या होता. कापूस विकून कोणकोण मशीन आणणार हे मला माहीत होतं, ती माणसं माझ्याच नात्यागोत्यातली होती. त्यांच्या हातात हा कागद पडला की त्यांची नजर आधी आडनावावर जाणार आणि मग कागद खाली टाकणार, हेही माहीत होतं. बारीक केलं तरी जाणार. मग मी चिमट्यानं तिचं नाव उचललं, आडनाव उचललं, गाव उचललं. जी मोकळी जागा उरली तिच्यात 'वऱ्हाडी माउली' हे दोन शब्द, दोन्ही बाजूंना एकेक फूल घातलं की, अगदी अचूक बसले. फर्मा हलवावासुद्धा लागला नाही. ते बसले तेव्हा मला जो आनंद झाला, तो मी आजही विसरलेलो नाही. खाली ओळ लिहिली : 'आपल्याच आजीचा आवाज, आपल्याच ओसरीवर.' दुसऱ्या बाजूच्या ओव्यांचा उल्लेखच गाळला. तिच्या फोटोचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, वेळेवर आला नव्हता, म्हणून केसाच्या तेलाच्या जाहिरातीतला बाईचा ब्लॉक घातला. नथ, अंबाडा, कपाळावर चंद्रकोर.

मी स्वतःला सांगितलं, नाव नाही तर नाही, गाणं तर घराघरांत जाईल. हे वाक्य मी नंतर इतकी वर्षं उगाळलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. आज सांगतो, ती पळवाट होती. मला गाणं घराघरांत जायला नको होतं. मला माझी जाहिरात घराघरांत जायला हवी होती.

आणि ती गेली. जिनिंगच्या फाटकावर गाडीवाले 'आपल्याच आजीचा आवाज' म्हणून एकमेकांना चिडवू लागले. शेठकडच्या रेकॉर्डी संपल्या आणि त्यानं पुन्हा मागवल्या. आमच्या काकांनीही मशीन आणलं.

वडनेरला ओसरीवर मशीन लागलं तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. माहेरच्या ओव्या सुरू झाल्या आणि काकू आतून हात पुसत बाहेर आली ती चौकटीलाच टेकली. तिचे डोळे भरून आले. "माह्या मायचाच आवाज हाय हो," म्हणाली. काका माझ्याकडं बघून मिशीत हसले. मग त्यांनी रेकॉर्ड उलटी केली. बाबांच्या ओव्या लागल्या तसे काका सावरून बसले, पण पाहुणे होते म्हणून त्यांनी त्या चालू दिल्या. आणि मग आली शेवटची ओवी. ती मलाही माहीत नव्हती, कारण मी जाहिरात लिहिण्याआधी रेकॉर्डची ती बाजू ऐकलीच नव्हती!

सरलं बाई दळन, सुपामंधी सात दाने
इचारील कोनी तर, सांगजा माह्या नावाने

आणि त्यावर तिनं स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून, आपलं नाव घेतलं. आडनाव घेतलं. गाव घेतलं. तिथं मात्र ती ण म्हणाली, मास्तरांनी शिकवला तसा खणखणीत.

आपल्याकडं बाई नाव घेते ती नवऱ्याचं. लग्नात, बारशात, चार जणींत लाजून, यमकात गुंफून. स्वतःचं नाव असं यमकाच्या टोकाला बांधून घेणारी बाई त्या ओसरीनं कधी ऐकली नव्हती. एक पाहुणा फिसकन हसला, "आँ? सोताचंच नाव घेतलं बाईनं!" मग आडनाव सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि कुणी हसेना. काका उठले आणि सुई उचलली.

त्या दिवसापासून त्या घरात एक रीत पडली. पाहुण्यांसमोर माहेरची बाजू लागे. दुसरी बाजू लागलीच तर 'सरलं बाई' ऐकू आलं की कुणीतरी हात पुढं करून सुई उचले. असं आमच्याच घरात नाही, इतर घरांतही होत होतं, हे शेठनंच मला हसत हसत सांगितलं. उचलून उचलून त्या ठिकाणी रेकॉर्डवर चरा पडला.

एकदा दुपारी काका वावरात होते. काकूनं मला मशीन लावायला सांगितलं. सवयीनं माझा हात पुढं गेला. तिनं माझ्या मनगटावर फटका मारला.

"राहू दे ना बापा. तिले नाव तं घेऊ दे. एवढं दळन दळलं तिनं."

पूर्ण ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "कागदावर काऊन नोतं रे हे नाव?"

"मालकानं काढलं," मी म्हणालो.

ते वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा तिथं निघालं. किती सहज निघालं! जीभ अडखळलीसुद्धा नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती प्रेसमध्ये आली. मालक नव्हते. तिनं पिशवीतून गुलाबी कागद काढला आणि माझ्या टेबलावर पसरला.

"भाऊ, हे माउली कोन हाय?"

"तुम्हीच की, बाई. माउली म्हणजे केवढा मान..."

"मान?" ती म्हणाली. "काल लोक मले दुरून पानी वाढत होते, अन् आज माउली? मानाले नाव नसते काय? अन् हे बाई कोन?" बोट त्या ब्लॉकवर. "हे तं तेलाच्या शिशीवरची बाई हाय. वस्तीतल्या पोरी मले चिडवून राह्यल्या. म्हनतात, मावशे, मुंबईच्या पान्यानं गोरी झाली का वं तू? नथ कोनं देली?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"माह्या ण कुठी गेला?"

मी खाली बघून म्हणालो, "मालकांनी काढायला लावलं, बाई. मी नोकर माणूस."

ती माझ्याकडं नाही, माझ्या हातांकडं बघत होती. मग म्हणाली, "किती कागद उरले?"

मी कपाटातला गठ्ठा काढून दिला. "लाल शाई हाय?" प्रुफांची होतीच. दौत आणि टाक घेऊन ती बाहेरच्या बाकड्यावर बसली आणि एकेका कागदावर, त्या तेलवाल्या बाईच्या अंबाड्यावरून, आपलं नाव लिहू लागली. नाव, आडनाव, गाव. ण काढताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात यायची. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मला राहवेना. बाहेर जाऊन म्हणालो, "थोडे मी लिहू का?"

"नको," मान वर न करता ती म्हणाली. "तुमचं अक्षर लय चांगलं हाय, भाऊ. ओळखू येते."

त्या वाक्याचा अर्थ लावायला मला पुढची सगळी वर्षं लागली.

नंतर तिला मी पाहिलं ते धामणगाव बढ्याच्या बाजारात. एका बियाणेवाल्याची जाहिरात घ्यायला गेलो होतो. भाजीच्या ओळींपलीकडं घोळका दिसला. मध्ये ती उभी, हातात गुलाबी कागद, आणि गात होती. ओवी संपली की नाव घ्यायची आणि एक कागद द्यायची. एक जाडगेला अडत्या मोठ्यानं म्हणाला, "ओ बाई, नाव घ्याचं तं नवऱ्याचं घ्यावं मानसानं!"

"नवऱ्याचं म्या लय वर्सं घेतलं, दादा," ती म्हणाली. "त्यानं माह्यं एक डाव तरी घेतलं काय, इचारा त्याले. अन् तुमी घरी गेल्यावर बायकोले इचारजा, तिले सोताचं नाव आठोते का म्हनून."

बाया आधी हसल्या, पदर तोंडाला लावून. मग पुरुषही हसले. अडत्या काढता पाय घेत होता, तर तिनं त्याच्याही हातात कागद कोंबला. माझ्याजवळ उभ्या असलेल्यानं कागद वर धरून विचारलं, "काय घान छापलं बे हे! खाली येक, वर येक. कोनं छापलं?"

"मले काय माहीत," मी म्हणालो आणि भाजीच्या टोपल्यांमागून निघून गेलो.

एवढंच झालं असतं तर कदाचित मी अजूनही गप्प राहिलो असतो. पण मालकांचं सांगायचं आहे.

माझं वाक्य गावभर झालं होतं. काकूनं कुणाला सांगितलं, मी चार जणांना सांगितलं, त्यांनी आठ जणांना. पुढं एका जयंतीच्या सभेत एका वक्त्यानं व्यासपीठावरून मालकांना बोल लावला. मालक खाली पहिल्या रांगेत बसले होते. दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये आले, टोपी काढून हातात फिरवत राहिले. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, "काऊन बे, म्या तं नाव बारीक कर म्हनलो होतो ना? का काढ म्हनलो होतो?"

तेव्हा सांगता आलं असतं. प्रेसमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "लक्षात नाही, मालक. लई दिवस झाले."

तो भला माणूस होता. माझ्यावर त्याचा विश्वास स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त होता. शेवटी शेवटी कुणी विषय काढला की तो म्हणायचा, "म्या म्हनलो असीन. शेठच्या बोलण्यात आलो असीन." न केलेलं पाप त्यानं स्वतःच्या पदरात बांधून घेतलं आणि तसाच गेला. आणि आज त्याचा मुलगा त्या पापाची जाहीर माफी मागायला निघाला आहे, सुंदर आर्ट पेपरवर, चार रंगांत.

नाही. ती माफी छापू द्यायची नाही. तुझ्या बापानं काढलं नाही. मी काढलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

पत्र आलं त्याच आठवड्यात मी तिच्या गावी गेलो. आता तिचं पक्कं घर आहे. मुलगी शाळेत शिकवते. ती अंगणात बसून अंबाडीची भाजी निवडत होती. केस पांढरे, आवाज तोच. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं, इथं सांगितलं त्याच्यापेक्षा कमी शब्दांत. सांगून झाल्यावर थांबलो. ती भाजी निवडतच होती.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तुह्या मालकाले न आन ण मंधला फरक तरी समजत होता काय? त्यानं काढलं असतं तं ओळ वाकडी झाली असती. कुठी तरी भोक राह्यलं असतं. ते दोन शब्द कसे बसले होते, फुलं लावून! इतक्या सफाईनं माह्यं नाव काढनारा तूच होता."

भाऊ नाही, तुमी नाही. तू. इतक्या वर्षांनी मला तेच बरं वाटलं.

मी म्हणालो, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलली तं होती. तुह्यं अक्षर ओळखू येते म्हून." तिनं काडी बाजूला टाकली. "तुले ऐकू नाही आलं, तं म्या काय करू?"

मी तिला विचारलं, स्मरणिकेतल्या लेखात तुमचं नाव मोठ्या टाइपात घालू का? ण सकट. त्या हँडबिलाची नवीन प्रतही काढू, नाव बसवून.

ती हसली. म्हणाली, "काढतानी इचारलं नाही, आन घालतानी इचारून राह्यला. नको. माह्यं नाव म्या लिवलं हाय, गायलं हाय. तुह्या मळ काढाले माह्यं नाव म्हंजे साबन हाय काय?"

तिच्या घरात भिंतीवर तो कागद आहे. गुलाबी रंग उडून पांढरा झालाय, माझे ठळक शब्द फिके पडलेत. लाल शाई मात्र दिसते. मी तो कागद मागितला नाही. तेवढी अक्कल आता आली आहे.

म्हणून या लेखात तिचं नाव नाही. आणि तिचं नाही तर कुणाचंच नाही. ना मालकांचं, ना शेठचं, ना माझं. माझ्या नावानं लेख छापून मानपत्र देणार होतात ते राहू द्या.

तुमच्या पत्रात लिहिलं आहे की समारंभात ते हँडबिल चौकटीत लावून मध्यभागी टांगणार आहात. ते उतरवा. ती जाहिरात नाही, ती चोरी आहे, आणि चोराला मी ओळखतो. तुम्ही नाही उतरवलं तर मी येऊन उतरवीन, पाहुण्यांसमोर. लाज मला वाटायची ती वाटून झाली आहे.

आणि रेकॉर्ड वाजवणार आहात असंही लिहिलं आहे. काकूच्या घरची चरा पडलेली प्रत माझ्याकडं आहे, ती पाठवतो. दुसरी बाजू लावा. शेवटी सुई अडकेल, खरखरेल, मागं जाईल, पुन्हा पुढं येईल. सभागृहात सगळे अस्वस्थ होतील, कुणाचा तरी हात आपोआप पुढं जाईल. त्याला धरून ठेवा. चऱ्यातून ती नाव घेते. दोनदा, तीनदा घेते. मी घरी लावून पाहिलं आहे.